घोडा चौखूर उधळला म्हणजे चालकाला दंड झालाच, असे नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात टांग्यांचा काळ पाहिलेली मराठी मंडळी घोडा जुंपलेल्या दुचाकी गाडीच्या, ठरलेल्या चालीनेच धावायच्या शर्यतींविषयी आजही ठासून सांगतात, की घोड्याने दुडकी सोडून चौखूर धाव घेतली की तो जागीच बाद होतो आणि हाकणाऱ्याला दंड भरावा लागतो. निदान अमेरिकेतील नियमांपुरते हे खरे नाही.

चाल मोडणे हा घोड्याचा दोष मानला जातो. चालकाचा दोष त्यानंतरच्या वागण्यात पाहिला जातो. चाल मोडताच, बाजूला जागा मोकळी असेल तर, त्याने घोडा बाहेरच्या अंगाला घ्यावा, लगाम खेचून त्याला मूळ चालीवर आणण्याचा खरा प्रयत्न करावा आणि तेवढ्या वेळात अंतर गमवावे, अशी नियमाची अपेक्षा असते. हे तिन्ही केले, तर घोड्याचा क्रमांक सहसा कायम राहतो. अपवाद अंतिम रेषेवरचा: चौखूर धावणाऱ्याच्या पुठ्ठ्याशी, म्हणजे मागच्या भागाशी, नीट चालीतल्या प्रतिस्पर्ध्याचे नाक भिडलेले असेल, तर उधळलेला घोडा त्याच्या मागे टाकला जातो. मात्र उधळीचा फायदा घेऊन पुढे सरकणाऱ्या चालकाची गय होत नाही. घोड्याला मागे टाकणे हा निकालाचा भाग असतो आणि चालकाला दंड किंवा निलंबन ही स्वतंत्र कारवाई असते. आपल्याकडच्या गप्पांत या दोहोंची हमखास गल्लत होते.

फ्रान्समध्ये मात्र चौखूर धावणाऱ्याला बाद करण्याची रीत बरीच कडक आहे, आणि कदाचित समजाचे मूळ तिथेच असावे.