घरचं, ताजं आणि बिनफवारणीचं

दिवाळी आटोपली होती. भाची नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला निघाली होती आणि ताईच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी दिवाणखान्यात दोन बॅगा आ वासून पडल्या होत्या. मधोमध वजनकाटा. प्रत्येक बॅगेत तेवीस किलो. त्यातले कपडे किती आणि खाणं किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. चटईवर मांडलं होतं ते असं: काटोलच्या बगिच्यातली दोन डझन संत्री, परसातल्या झाडाचा कढीपत्ता, इतवारीतून आणलेले पाच किलो तांदूळ, भिवापुरी मिरचीचं तिखट, भाजणी, मूगवड्या, लिंबाचं लोणचं, संत्रा बर्फी आणि डबाभर अनारसे.

‘संत्री आणि कढीपत्ता काढ,’ मी म्हटलं.

‘काहून रे बाबू? घरचं तर आहे. ताजं आहे. फवारासुद्धा नाही मारला कधी.’

गंमत अशी की ताईने अभिमानाने सांगितलेले हे तिन्ही गुण विमानतळावरच्या तपासणीत अवगुण ठरतात. हे पोटाला बाधेल का, हा तिथल्या माणसाचा प्रश्न नसतोच. यातलं काय अजून जिवंत आहे, एवढंच त्याला पाहायचं असतं. घरचं म्हणजे त्यावर कोणती प्रक्रिया झाली ते सांगणारी चिठ्ठी नाही. ताजं म्हणजे पेशी जिवंत. आणि बिनफवारणीचं म्हणजे किडीला राहायला छान जागा.

कढीपत्त्याची जुडी उचलून मी खिडकीशी नेली. टोकाला कोवळी, पोपटी पालवी होती. भिंगातून पाहिल्यावर दोन पानांच्या बेचक्यात बदामाच्या आकाराची पिवळसर अंडी दिसली, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. जरा खाली तीन-चार मिलिमीटरचा एक तपकिरी किडा डोकं खाली आणि शेपटाकडचा भाग वर करून बसला होता, जणू पानावर तिरका काटा रोवलाय. हा सिट्रस सायला. संत्र्याच्या बागाईतदारांना तो ठाऊक आहे, पण कढीपत्त्यावरही तो सुखाने नांदतो, कारण कढीपत्ता आणि संत्रं ही एकाच कुळातली झाडं. पान चोळून वास घेतला की नातं लगेच पटतं.

हा किडा रस शोषतो, पण खरं दुखणं त्याच्या तोंडातून जाणाऱ्या जिवाणूचं आहे. संत्र्याच्या झाडात पानांनी तयार केलेली साखर मुळांकडे नेणाऱ्या नळ्या असतात. जिवाणू त्या नळ्यांत घर करतो आणि त्या तुंबतात. पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी होतात. फळ वाकडं वाढतं, खालच्या बाजूने हिरवंच राहतं आणि कडवट लागतं. या रोगाला इंग्रजीत ‘ग्रीनिंग’ म्हणतात. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध आजही नाही. त्याहून वाईट म्हणजे लागण झाल्यावरही झाड कित्येक महिने, कधी काही वर्षं, धडधाकट दिसतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा सायला १९९८ मध्ये सापडला आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये निघाल्या जेमतेम दीड कोटीच्या वर. वादळांनीही हात धुऊन घेतले हे खरं, पण बागांचा कणा मोडला तो या रोगाने. आता कॅलिफोर्निया आपल्या बागा जिवाच्या आकांताने जपतोय. ताईची जुडी नेमकी तिथेच निघाली होती. आपल्याकडे १९८५ पासून नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या कामातही हा सायला आणि हा रोग आहेच. म्हणजे दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकाच किड्याच्या मागे, आणि तो किडा आमच्या ताईच्या पिशवीत.

‘पण पिशवीला तीन गाठी मारल्यात,’ ताई म्हणाली. इथे जरा रसायनशास्त्र आडवं येतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. संत्रं सोलताना डोळ्यात चिळकांडी उडते ती त्याचीच. साधं पॉलिथिन आपल्याला घट्ट वाटतं, पण लिमोनीनचे रेणू त्या प्लॅस्टिकमध्ये विरघळतात आणि पलीकडून बाहेर पडतात. गाठी कितीही मारा, वास गाठीतून जातच नाही, तो पिशवीच्या अंगातून जातो. पट्ट्यावरून बॅगा फिरत असताना तिथे बीगल जातीचे कुत्रे हिंडत असतात. अमेरिकेच्या शेतीखात्याने ते १९८४ पासून विमानतळांवर आणले. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. संत्रं, आंबा, सफरचंद आणि मांस यांचे वास त्यांना आधी शिकवतात. सापडलं की तो भुंकत नाही, बॅगेशी शांतपणे बसतो आणि खाऊची वाट पाहतो.

कुत्र्याच्या नाकातून सुटलं तर पुढे एक्स-रे आहे. ते यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण सोडतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ आणि धातू हे किरण वेगवेगळ्या रीतीने अडवतात, त्यावरून संगणक चित्रात रंग भरतो. धातू निळे. आणि खाण्याचे पदार्थ नारिंगी! ताईची अख्खी बॅग पडद्यावर संत्र्यासारखीच दिसली असती.

तांदळाचं मात्र ताईला पटेना. कोरडा ठणठणीत, निवडून, ऊन देऊन ठेवलेला. पण त्यामागे खापरा नावाचा भुंगेरा आहे. आपल्या उपखंडातला हा जीव, जगभर आपल्याच भाषेतल्या नावाने ओळखला जातो. प्रौढ किडा दोन-तीन मिलिमीटरचा आणि त्याला उडता येत नाही. जगाची सफर त्याने केली ती माणसाच्या पोत्यांतून, गोणपाटाच्या शिवणीतून, जहाजाच्या फटीतून. धान्य खाते ती त्याची केसाळ अळी. अगदी कोरड्या धान्यावरही ती जगते. खायला मिळालं नाही की फटीत शिरून झोपी जाते, आणि अशी वर्षानुवर्षं टिकते. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या कोठारांत सापडला तेव्हा आख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून विषारी धुरी द्यावी लागली, आणि ती मोहीम १९६६ पर्यंत चालली. २०११ पासून खापरा असलेल्या देशांतून प्रवाशाने स्वतःसाठी आणलेला तांदूळसुद्धा अमेरिका घेत नाही. तिथे मिळणारा बासमती पाच किलो विकत घेणं हे तेवीस किलोतले पाच वाया घालवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं, असं माझं मत. ताईचं नव्हतं.

आणि हे फक्त गोऱ्या देशांचे चोचले आहेत असं कुणी म्हणू नये. रिंगरोडच्या कडेला जे गाजर गवत माजलेलं दिसतं आणि ज्याने अर्ध्या नागपूरला शिंका येतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हातून त्याचं बी आलं असं मानतात. ते अजून उपटतोच आहोत.

बर्फीचा प्रश्न वेगळा. तिथे भीती किडीची नसून गुराढोरांना होणाऱ्या लाळ्या खुरकुताच्या विषाणूची असते. हा रोग माणसाला बाधत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो, पण अमेरिकेत तो १९२९ नंतर झालेला नाही आणि ब्रिटनला त्याचा दणका चांगलाच माहीत आहे. २००१ मध्ये डुकरांना न शिजवलेलं खरकटं घातल्यातून तिथे साथ सुरू झाली असं तपासात पुढे आलं, आणि ती आवरायला साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. दुधातला हा विषाणू साध्या पाश्चरायझेशनमध्ये पूर्ण मरेलच असं नाही. आंबटपणा मात्र त्याला सोसत नाही. खवा तासभर आटवलेला असतो हे ताईला माहीत आहे, पण बर्फीच्या वडीकडे पाहून ते अधिकाऱ्याला कसं कळणार? बंद डब्यावर घटक छापलेले असले की बोलणं सोपं जातं. दुधाच्या पदार्थांचे नियम देशागणिक वेगळे, तेव्हा त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहिलेलं बरं.

उरलं ते सगळं मी परत बॅगेत ठेवलं. भाजणीतलं धान्य भाजलं तेव्हाच किडीची अंडी मेली आणि दळल्यावर रुजायचा प्रश्नच मिटला. तिखट वाळवून कांडलेलं. मूगवड्या डाळ वाटून उन्हात कडकडीत केलेल्या. लोणच्यात मीठ आणि आम्ल, तिथे कोण जगणार! अशा गोष्टी बहुधा जाऊ देतात, शेवटचा शब्द अर्थात समोरच्या अधिकाऱ्याचा. भाचीला एकच बजावलं: खाण्याचं काही आहे का असं विचारलं की ‘हो’ म्हणायचं आणि सगळं सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर कचऱ्यात जाते. लपवलेली खिशाला चाट लावते. न्यूझीलंडमध्ये तर एखादं विसरलेलं सफरचंदसुद्धा जागच्या जागी ४०० डॉलरला पडतं.

अनारशांचा डबा बंद करताना मला आठवलं, हिचं विमान दुबईत बदलणार. अनारसे थापले होते खसखशीवर. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांत स्वतःत मॉर्फिन जवळजवळ नसतंच, पण बोंडाचा चीक त्यांच्या अंगाला लागतो आणि त्याचा अंश राहतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिकडे हा विषय शेतीखात्याचा नसून अमली पदार्थांच्या कायद्याचा आहे.

‘सुरीने खरवडून काढते,’ ताई म्हणाली आणि खरंच बसली. चौथ्या अनारशाला तुकडा पडला. तो मी खाल्ला. मग चहा ठेवला.