कादेश-बर्ण्या

बायबलनुसार मिसर (इजिप्त) सोडल्यावर इस्राएल लोकांनी रानात जे तळ दिले, त्यांतला सीनायनंतरचा सर्वांत महत्त्वाचा तळ. ‘कादेश’ या शब्दामागे ‘पवित्र’ अशा अर्थाचा सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या भाषाकुळातला) मूळ धातू आहे. होरेबाहून (म्हणजे सीनायहून) सेईर डोंगराच्या वाटेने इथे यायला अकरा दिवस लागत (बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक, १:२).

देवाने देऊ केलेला कनान देश हेरायला इस्राएलांचा नेता मोशे याने धाडलेले बारा जण ४० दिवसांनी इथेच परतले. त्यांनी द्राक्षांचा घड दांड्यावर लटकवून दोघांच्या खांद्यावरून आणला होता. दहा जणांनी लोकांचा धीर खचवला. कालेब आणि यहोशवा तेवढे चढाईच्या बाजूचे. लोक कुरकुरले आणि दिवसाला एक वर्ष या हिशेबाने ४० वर्षे रानात काढण्याची शिक्षा झाली. मोशेची बहीण मिर्याम हिला मूठमाती इथेच मिळाली. खडकाशी बोलायचे सोडून मोशेने त्यावर दोनदा काठी मारली, तो पाण्यावरून झालेला मरीबाचा प्रसंगही इथलाच. शेजारच्या अदोम देशाच्या राजाने आपल्या मुलखातून वाट नाकारल्यावर मुक्काम हलला.

इस्राएल लोक ३८ वर्षे कादेशातच होते, असे सर्रास सांगितले जाते. मूळ वचन (अनुवाद २:१४) तसे म्हणत नाही. ३८ वर्षे ही कादेश सोडल्यापासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंतची आहेत. तळ कधी पारान रानात, तर कधी त्सीन रानात सांगितला आहे. हे त्सीन म्हणजे एलीम आणि सीनाय यांच्यामधले सीन रान नव्हे.

जागा ओळखताना नाव आणि पाणी यांचा मेळ बसत नाही. ईशान्य सीनायमधल्या ऐन कदीस झऱ्याने नाव जपले आहे. १८८१ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक हेन्री क्ले ट्रम्बुल तिथे गेला आणि त्याने तीच जागा ठरवली. पण मोठ्या तळाला पुरेल इतके पाणी तिथे नाही. जवळच्या ऐन अल-कुदैरातचा झरा बारमाही आणि भरपूर वाहतो, म्हणून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली आणि टी. ई. लॉरेन्स यांनी सर्वेक्षणानंतर त्याला पसंती दिली. आज बहुतेक अभ्यासक तेच मानतात.

तिथल्या टेकाडावर इस्रायली पुरातत्त्वज्ञ मोशे दोथान यांनी १९५६ मध्ये आणि रुडॉल्फ कोहेन यांनी १९७६ ते १९८२ या काळात उत्खनन केले. एकावर एक तीन किल्ले निघाले, सगळे लोहयुगातले (इ. स. पू. सुमारे १२०० नंतरचे). निर्गमाचा, म्हणजे मिसर सोडण्याचा, काळ इ. स. पू. तेराव्या शतकात धरला, तर त्या वेळच्या वस्तीचा थर इथे नाही. तंबूंची वस्ती फारशा खुणा सोडत नाही, हे खरे. पण म्हणून इथला मुक्काम सिद्ध होतो असेही नाही. मधला किल्ला आयताकृती, आठ बुरुजांचा. पाणी झऱ्याकडून पाटाने आतल्या टाक्यात येई.