जुना ओट म्हणजे परंपरागत ओट नव्हे

‘हे वाण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे त्यात जनुकीय विविधता भरपूर असणार.’ ओट या धान्याबद्दल हे इतक्यांदा वाचायला मिळतं की आता स्पष्ट लिहायलाच हवं. वाणाचं वय वेगळं आणि त्यातली विविधता वेगळी.

आजचं सुधारित वाण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. सारखी उंची, एकदम पक्व होणारं पीक, ठरलेलं नाव. घोळ होतो तो जुनं निवड वाण (एखादं झाड निवडून त्याच्या बियांपासून वाढवलेलं) आणि परंपरागत वाण (शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बियाण्यावर राखलेलं) यांच्यात.

‘पोटॅटो ओट’ घ्या. १७८८ मध्ये इंग्लंडच्या कंबरलँडमध्ये बटाट्याच्या शेतात ओटचं एक झाड सापडलं, त्याचं बी वाढवत नेलं आणि वाण तयार झालं. जुनं आहे, पण आलंय एका झाडापासून. ओटमध्ये परागीभवन बहुतेक फुलाच्या आतच उरकतं, त्यामुळे काही पिढ्यांत एका झाडाची संतती जवळजवळ एकसारखी होते. अशा वाणाचं शेत कितीही मोठं असलं तरी जनुकांच्या हिशेबात ते फार लहान असतं.

परंपरागत वाणाचं शेत तसं नसतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, चुनखडीयुक्त वाळूत, बारीक दाण्याचा ओट अजून घरच्या बियाण्यावर पेरतात, बहुधा राय हे गव्हासारखं धान्य मिसळून. अशा पिकात अनेक वंश शेजारी शेजारी वाढतात. काही झाडं लवकर लोंब्या टाकतात, काही उशिरा. एखाद्याच्या दाण्याला कुसळ असतं, एखाद्याच्या नसतं. आता नेमका चकवणारा मुद्दा: यातलं एकेक झाड उचलून पाहिलं, तर तेही आतून सुधारित वाणाइतकंच एकजिनसी असतं. विविधता दाण्यात नसते, झाडाझाडांतल्या फरकात असते. म्हणूनच सगळ्यात देखणी लोंबी निवडून ‘आम्ही परंपरागत वाण जपलं’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नाव जपलं गेलं, वाण तिथेच संपलं.

वाणांची नावं मोजून विविधता ठरवणं हाही तसलाच प्रकार. १९४०च्या दशकात अमेरिकेत ओटची अनेक नवी वाणं होती. त्यांतल्या बऱ्याच वाणांत तांबेरा रोगाला रोखणारा गुण ‘व्हिक्टोरिया’ या एकाच वाणातून आला होता. त्या गुणाबरोबरच एका बुरशीच्या विषाला बळी पडण्याचा दोषही आला. ती बुरशी पसरली तेव्हा नावं वेगवेगळी असूनही ही सगळी वाणं एकदमच कोलमडली.

परंपरागत ओटचं बी राखायचं असेल तर शेतभर फिरून पुष्कळ झाडांच्या लोंब्या घ्याव्यात. ठेंगण्या, उशिरा येणाऱ्या, कमी दाण्यांच्याही घ्याव्यात. त्या चाळून काढू नयेत.