सर्किटमध्ये कोन किती ठेवायचे?

इंदुरात राहून क्वांटम संगणकाचं काय शिकता येईल, असं इथली मराठी मुलं विचारतात. माझं उत्तर एकच असतं: लॅपटॉप उघडा आणि एक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला बिट, घ्या; त्याची नक्कल लॅपटॉपवर करता येते. शून्य अवस्थेतला क्यूबिट ठरावीक कोनातून फिरवायचा आणि मोजायचा. शून्य आलं तर +१, एक आलं तर −१. पुष्कळदा मोजून सरासरी काढली, की ती त्या कोनाची कोसाइन निघते. ६०° ला ०.५.

रेणूची ऊर्जाही अशाच सरासऱ्यांतून मिळते आणि तिची सर्वांत कमी किंमत शोधायची असते. म्हणून आता ही सरासरी कमीत कमी करायची आहे. कोन वाढवायचा की घटवायचा? कोनात ९०° मिळवून मोजा: −०.८६६. ९०° वजा करून मोजा: +०.८६६. पहिल्यातून दुसरी वजा करून निम्मं केलं, की −०.८६६. हा तिथला अचूक उतार आहे, अंदाज नव्हे! उतार ऋण, म्हणून कोन वाढवत न्यायचा. १८०° ला −१ गाठतो. मोजायचं क्वांटम यंत्रानं, पुढचा कोन ठरवायचा साध्या संगणकानं. २०१४ साली फोटॉनांच्या यंत्रावर हीलियम हायड्राइड आयनाची ऊर्जा अशीच काढली गेली.

खरी कसोटी सर्किट, म्हणजे क्यूबिटांवर करायच्या क्रियांची मालिका, रचण्यात आहे. हायड्रोजनचा रेणू अगदी लहान गणितात मांडला तरी ४ क्यूबिट लागतात, म्हणजे १६ मूळ अवस्था. पण इलेक्ट्रॉन दोनच, त्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनाचा एक अंगभूत क्वांटम गुण) ठरलेला, रेणू दोन्ही बाजूंनी सारखा. एवढं सांभाळलं की मिसळायला दोनच अवस्था उरतात आणि एक कोन पुरतो. मला या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण हेच वाटतं.

याउलट, यंत्राला सोपे पडतील ते गेट (क्यूबिटांवरच्या मूळ क्रिया) थरावर थर रचायचे, हीही पद्धत आहे. २०१७ मध्ये आयबीएमनं तिच्या जोरावर बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली, ६ क्यूबिटांवर. पण क्यूबिट आणि थर वाढले, की २०१८ मध्ये दाखवून दिलेली अडचण येते. कोन कसेही निवडून सुरुवात केली, तर उतार जवळपास सगळीकडे शून्याला टेकतो. माळव्याच्या पठारावर दाट धुक्यात उभं राहून पाणी कुठे वाहील ते ओळखण्यासारखं. आणि क्यूबिटागणिक तो घातांकी वेगानं घटतो. मोजमापातली चूक मात्र मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळानुसारच कमी होते. ०.००१ एवढा उतार दिसायलाही १० लाखांच्या घरात मोजण्या लागतात.

म्हणून काही जण सर्किट आधी रचतच नाहीत. २०१९ च्या एका पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर, ज्या क्रियेचा उतार सर्वांत जास्त तेवढीच जोडतात. मोजण्या वाढतात, पण सर्किट आखूड राहतं, आणि आजच्या गोंगाटी, म्हणजे चुका करणाऱ्या, यंत्रांवर आखूड सर्किटच तग धरतं. हायड्रोजनवर हे लॅपटॉपवर करून पाहा: पहिलाच कोन जोडल्यावर उतार शून्य होतात आणि गणित तिथेच थांबतं.