टूर द फ्रान्स: पिवळी जर्सी कुणाची, हिरवी कुणाची?

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत नव्याने बघणाऱ्याला एक कोडं हमखास पडतं. टप्पा जिंकला एकाने, मग पिवळी जर्सी भलत्याच्याच अंगावर कशी? आणि ती हिरवी कशाची?

पिवळीचा हिशेब वेळेचा. एकवीस टप्प्यांना लागलेला वेळ मिळवायचा. ज्याचा सर्वांत कमी, त्याने टूर जिंकली. हिरवीचा हिशेब गुणांचा. अंतिम रेषेवर आणि वाटेतल्या स्प्रिंटला, म्हणजे वेगाच्या छोट्या चढाओढीला, तुम्ही कितवे आलात, त्यावर गुण मिळतात.

खरी गोम सपाट टप्प्यात आहे. मोठा घोळका एकत्र रेषा ओलांडतो तेव्हा त्यातल्या सगळ्यांना एकच वेळ लावतात. पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, एवढंच. जीव तोडून जिंकलेल्याच्या पदरात पिवळीसाठी जवळपास काही पडत नाही. हिरवीसाठी मात्र २०२४ मध्ये सपाट टप्प्याच्या विजेत्याला ५० गुण होते, अवघड डोंगरी टप्प्याच्या विजेत्याला फक्त २०. डोंगरात पारडं फिरतं: तिथे एकेका चढावर मिनिटंच्या मिनिटं जातात आणि पिवळीचा निकाल लागतो.

म्हणूनच ग्रेग लेमाँड १९९० मध्ये एकही टप्पा न जिंकता टूर जिंकला. उलट स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर विक्रमी ३५ टप्पे आणि दोन हिरव्या जर्सी आहेत, पण टूर एकदाही नाही.

पिवळी १९१९ पासून आहे. शर्यत भरवणाऱ्या ‘लोटो’ या वृत्तपत्राचा कागद पिवळा होता. हिरवी १९५३ ची. गंमत म्हणजे १९०५ ते १९१२ पर्यंत खुद्द टूरचा विजेताच गुणांवर ठरत असे.

हिरवीला दुय्यम बक्षीस समजणं मला अजिबात पटत नाही. वजनदार स्प्रिंटरला तेच डोंगर चढावे लागतात, तेही ठरलेल्या वेळेत. नाहीतर तो शर्यतीतून बाद. २०२४ च्या पहिल्याच टप्प्यात रिमिनीच्या वाटेवर, भर उन्हात, कॅव्हेंडिशला उलट्या होत होत्या. संघातले सोबती त्याच्यासाठी मागे थांबले आणि त्याला वेळेच्या आत घेऊन आले. पाचव्या टप्प्यात, सँ-व्हुल्बाला, त्याने तो पस्तिसावा विजय मिळवला. त्या वर्षीची हिरवी जर्सी मात्र एरिट्रियाच्या बिनियम गिरमाईने नेली. टूरमध्ये ती जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी.