फोटो काढा, पण अपघाताचा नको

आपल्या साताऱ्यात कुठं गाडी घसरली की पाच मिनिटांत फोटो फिरायला लागतात. आडवी पडलेली बाईक, काचांचा चुरा, एक चप्पल इकडं एक तिकडं, आणि भोवती गोल करून उभी पब्लिक, त्यातले निम्मे परत फोटोच काढतायत. खालच्या कमेंटी पण ठरलेल्या. "हेल्मेट नसणार." "कानात हेडफोन असतील." "आजकालची पोरं लय सुसाट." दोन दिवसांनी ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि विषय संपतो. मीपण असले फोटो फॉरवर्ड केलेत, खोटं कशाला बोलू. पण त्यानं रस्ता एक इंचपण बदलत नाही. आणि असं का होतं ते लोकांनी चक्क प्रयोग करून तपासलंय.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एकाच अपघाताची बातमी तीन तऱ्हेनं लिहिली. पहिलीत सगळा रोख चालणाऱ्या माणसावर, म्हणजे पादचाऱ्याला गाडीची धडक बसली. दुसरीत रोख चालकावर, त्यानं माणसाला उडवलं. तिसरीत तोच अपघात, पण रस्ता कसा आहे आणि असे अपघात आणखी किती होतात हेपण सांगितलं. मग वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी बातमी वाचायला दिली. पहिली वाचलेल्यांनी पादचाऱ्याला जास्त दोष दिला, दुसरी वाचलेल्यांनी चालकाला, आणि तिसरी वाचलेले म्हणाले की रस्त्याचं काहीतरी करा. अपघात तोच बरं का. तो प्रयोग बातमीवर होता, फोटोवर नाही, पण मला तर तो आपल्या व्हॉट्सअपला तंतोतंत लागू वाटतो. रक्ताच्या फोटोत माणूस दिसतो, रस्ता फ्रेमच्या बाहेर राहतो.

मग रस्ता फ्रेममध्ये कसा आणायचा? आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक सात-आठ जणांचा ग्रुप आहे. एका रविवारी ठरलं की पोवई नाक्यापासनं वरच्या रस्त्यानं राजवाड्यापर्यंत जायचं, खालच्या रस्त्यानं परत यायचं, प्रत्येकानं दहाच फोटो काढायचे आणि कुणी कुणाला दाखवायचे नाहीत. चहाला बसल्यावर सगळे एकत्र बघितले. माझे दहा म्हणजे खड्डे आणि वाकडीतिकडी लावलेली वाहनं, कारण मी एरवी बाईकवर असतो, मला तेच दिसतं. रोज सायकल चालवणाऱ्याच्या फोटोत चेंबरची जाळी होती, तिच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेनं, म्हणजे बारीक टायर सरळ आत. आणि आमच्या ग्रुपमधल्या काकू, ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या दहापैकी सहा फोटोंत नुसती जमीन. त्यांची चप्पल, फुटपाथची कड, मधली फट. मला वाटलं फोन उलटा धरला की काय. तर म्हणाल्या, "अरे, मला वर बघायला सवड कुठाय, पाय कुठं ठेवायचा तेच बघत असते मी."

हे जे झालं त्याला अभ्यासाच्या जगात फोटोव्हॉइस म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी चीनच्या युन्नान प्रांतात ६२ खेडुत बायकांच्या हातात कॅमेरे दिले, आणि सांगितलं की तुमचं रोजचं जगणं टिपा. बाहेरनं आलेल्या तज्ज्ञानं काय प्रश्न आहेत ते ठरवायचं ही नेहमीची पद्धत, ती इथं उलटी केली. बाई शेतात राबते तेव्हा तान्हं मूल कुणाकडं, बाळंतपणाला कोण, मुलींची शाळा कशी सुटते, असली दुखणी त्या फोटोंतनं वर आली. फोटो काढून झाला की त्यावर बोलायचे प्रश्नपण ठरलेले असतात: इथं काय दिसतंय, खरं काय घडतंय, आपल्या जगण्याशी याचा काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. साधे वाटतात, पण काकूंच्या चपलेवर आम्ही हे पाच प्रश्न घेतले तर चहा गार झाला. कारण "असं का आहे" यावर आल्यावर कळलं की फुटपाथ किती उंच असावा हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

ते ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीप्रमाणं फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको आणि चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी. मोकळी म्हणजे खांब, विजेची डीपी, झाडाचं आळं, दुकानाची पाटी हे सगळं सोडून. आता गंमत बघा, पोरांच्या कंपासपेटीतली छोटी पट्टी असते ना, ती साधारण १५ सेंटीमीटरची. कडेला उभी धरून फोटो काढला की निकाल लागला, फुटपाथ पट्टीच्या वर गेला म्हणजे चुकला. आणि मोठ्या माणसाची सायकल टायरपासनं टायरपर्यंत साधारण १.८ मीटरच्या जवळपास असते, घरी टेपनं एकदा मोजून घ्या. ती फुटपाथवर आडवी लावा. बसली नाही तर रुंदी कमी. चालणाऱ्यांसाठी एक माप आणि सायकलवाल्याचं वाहन हेच दुसरं माप, मला तर हे लय आवडलं.

माप फ्रेममध्ये असणं का गरजेचं, कारण कॅमेरा सरळ सरळ फसवतो. लांबनं झूम करून फोटो घेतला की पुढची-मागची वाहनं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात, आणि जवळनं वाइड लेन्सनं घेतला की बोळ पण हायवे वाटतो. खरं तर ही करामत लेन्सपेक्षा अंतराची. तुम्ही लांब गेलात की जवळची आणि लांबची वस्तू तुमच्यापासनं जवळजवळ सारख्याच अंतरावर येते, म्हणून त्यांच्या आकारातला फरक मिटतो. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, डेन्मार्कच्या दोन फोटोग्राफरनी त्याच जागी त्याच लोकांचे दोन बाजूंनी, दोन लेन्सनी फोटो काढून दाखवले होते, एकात माणसं खेटून उभी आणि दुसऱ्यात चांगली अंतर राखून. तेव्हा आपण ऑफिसात नेलेला फोटो बघून समोरचा साहेब "हा अँगलचा खेळ आहे" म्हणाला तर तो काही अगदीच चुकीचं बोलत नसतो. पट्टी असली की त्याचं तोंड बंद.

उंचीचंपण तसंच. उभ्या माणसानं काढलेल्या फोटोत रस्ता मोकळा दिसतो. तोच फोन जमिनीपासनं ९५ सेंटीमीटरवर धरून बघा, ही तीन वर्षांच्या पोराची सरासरी उंची समजतात आणि लहानग्यांसाठी शहर कसं असावं याचं काम करणारे लोक हाच आकडा धरतात. राजवाड्याजवळ मी वाकून एक फोटो काढला, त्यात रस्ता नव्हताच. बोनेट, नंबर प्लेट, सायलेन्सर. मोठ्या गाडीचा ड्रायव्हर पण त्या पोराला बघू शकत नाही, नजरेची रेघ दोन्हीकडनं एकच असते.

आता माझा सगळ्यात आवडता फोटो, ज्यात माणूस नाही, गाडी नाही, फक्त माती आहे. न्यूयॉर्कसारख्या बर्फाच्या शहरांत लोकांच्या लक्षात आलं की बर्फ पडल्यावर गाड्यांची चाकं जिथनं जातात तिथं रस्ता मोकळा होतो आणि चौकाच्या कोपऱ्यांत मात्र बर्फ तसाच साचून राहतो, म्हणजे एवढी जागा गाड्यांना लागतच नाही. त्याला त्यांनी स्नेकडाउन असं नाव दिलं. आपल्याकडं बर्फ कुठला, पण धूळ आहे की, आणि पावसात डोंगराकडनं वाहून येणारी माती आहे. टायर वाळूचे कण बाजूला उडवतो. जिथं टायर जात नाही तिथं ते बसून राहतात. पावसानं उघडीप दिली आणि रस्ता वाळला की कुठल्याही मोठ्या चौकात जाऊन उंचावरनं, म्हणजे एखाद्याच्या गच्चीवरनं, फोटो काढा, कोपऱ्यात मातीचे तिकोनी तुकडे दिसतील. तेवढा भाग फुटपाथ पुढं आणून दिला तर कुणाही चालकाचं काही जात नाही, चालणाऱ्याचं मात्र रस्ता ओलांडायचं अंतर कमी होतं. शिवाय वळण आवळलं की वळणाऱ्या गाडीला स्पीड मारता येत नाही, हा वर फायदा.

पण घाई करू नका. माती दिसली म्हणजे जागा रिकामीच असं नाही, तिथं दिवसभर कुणीतरी गाडी लावूनपण ठेवत असेल. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ, त्याच गच्चीवरनं त्याच फ्रेमचे फोटो. आणि एसटी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्यापेक्षा आतल्या बाजूनं कोपरा कापतात, दिवसातनं एखादीच एसटी गेली तरी तिला जागा लागणारच. ते बघून मगच पुढं आणायच्या फुटपाथची रेघ मारायची. आणि याच मातीत सायकलवाला मरतो हेपण सांगून ठेवतो, कारण गाड्या त्याला कडेला ढकलतात, आणि कडेला नेमके तेच सुटे कण, ब्रेक दाबला की चाक सरकलंच.

स्पीडचं काय? त्याला रडारगन लागत नाही. रस्त्याकडेला दोन खुणा १० मीटरवर ठरवायच्या, रस्त्याला काटकोनात उभं राहून व्हिडिओ घ्यायचा, आणि नंतर एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजायचं. साध्या फोनवर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटे फोटो, पडतात. दोन खुणांमधलं अंतर ३६ फ्रेममध्ये कापलं तर ताशी ३० किमी, ३० फ्रेममध्ये कापलं तर ३६, आणि १८ फ्रेममध्ये कापलं तर ६०. दहावीच्या पोराला करता येईल असं गणित आहे. एका गाडीचं नका करू, पन्नासेक करा, तेपण शाळा सुटायच्या वेळी वेगळं आणि दुपारी वेगळं.

एवढा खटाटोप कशाला, तर ३० आणि ५० मधला फरक आपल्या अंगात बसलेलाच नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून ५० ची धडक ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट. पण त्याच्याही आधी थांबायचं बघा. माणूस दिसल्यापासनं पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ३० नं येणारी कार एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. तुम्ही १३ मीटरवर उभे असाल तर वाचलात, जेमतेम. तीच कार ५० नं येत असेल तर तो पहिला सेकंद संपेपर्यंतच ती १४ मीटर आलेली असते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी, पूर्ण ५० च्या वेगानं धडक. बोगद्याकडनं समर्थ मंदिराकडं येणाऱ्यासारख्या उतारावर यात आणखी भर पडते, गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध खेचतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पादचारी मरायची शक्यता ताशी साधारण ३९ किमीला दहात एक, ५२ ला चारात एक आणि ६५ ला निम्मी निघाली. आणि सत्तरीच्या माणसाला ४० ची धडक बसली काय आणि तिशीतल्याला ५६ ची बसली काय, धोका सारखाच. हे काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी सगळ्याच गाड्या सोळानं जास्त पळतात म्हण की." एवढं नेमकं मला लिहिता आलं नसतं.

कुणीतरी मरायची वाट बघायची गरज नाही हेपण इथंच सांगतो. १९६०च्या दशकाच्या शेवटी डेट्रॉइटमध्ये आणि पुढं स्वीडनमध्ये लोकांनी थोडक्यात हुकलेले प्रसंग मोजायची पद्धत बसवली, करकचून ब्रेक, अचानक वळवणं, माणूस मागं उडी मारतो ते. अपघात विरळ, हे प्रसंग रोजचे. तासाभराच्या व्हिडिओत जेवढे सापडतील तेवढे लिहून काढायचे.

दोन भानगडी सांभाळा. व्हॉट्सअपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि फोटोच्या फाइलमध्ये लपलेली वेळ आणि जागा उडून जाते, पुराव्यातला अर्धा जीव तिथंच गेला. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळं शाबूत राहतं. आणि चेहरे, नंबर प्लेटा पुसून टाका. आपल्याला जागा दाखवायचीये, माणसं पकडून द्यायची नाहीत. भाजीवाल्या मावशीचा फोटो काढून "बघा अतिक्रमण" म्हणणं तर फारच सोपं, ती हातगाडी उचलतील आणि दुसऱ्या दिवशी तिथं चारचाकी उभी राहील, तिचा फोटो कुणी काढणार नाही. मावशीलाच फोन द्या, पहाटे माल घेऊन येताना ती काय बघते ते कळू दे.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे. रोज नव्वद. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फुटपाथ वापरायचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ ए आलं, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मापदंडाप्रमाणं नसेल आणि त्यामुळं कुणी दगावलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. दंड फुटकळ आहे, माझं मत. पण मापदंड हा शब्द कायद्यात आला की कंपासपेटीतल्या पट्टीला एकदम वजन येतं.

पट्टी लावून परत काढलेले फोटो घालून आम्ही फाइल केली आणि ती घेऊन एका ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या इंजिनियरनी खड्ड्यांचे फोटो भराभर उलटले, ते त्यांना पाठ असणार. काकूंच्या चपलेवर थांबले. पट्टी फुटपाथच्या कडेला उभी होती आणि कड तिच्या वर चार बोटं गेलेली. "ही जागा कुठली?" काकू पर्स उचलून उभ्याच राहिल्या, "चला, दाखवते." ते हसले, म्हणाले आज मीटिंग आहे, सोमवारी सकाळी या, मी टेप घेऊन येतो. तर सोमवारी साडेसातला पोवई नाक्यावर जमायचं ठरलंय. पट्टी काकू आणणारेत, नातवाच्या कंपासमधनं काढून. सायकल मी आणतो.