लॅक्रॉस हेड रंगविणे

लॅक्रॉस या सांघिक खेळातील काठीच्या टोकाला बसविलेल्या, चेंडू झेलण्यासाठी जाळी विणलेल्या चौकटीला ‘हेड’ म्हणतात. पांढरे हेड विकत आणून ते घरच्या घरी गरम पाण्यात रंगविण्याची पद्धत अमेरिका व कॅनडातील खेळाडूंमध्ये रूढ आहे. हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील होडेनोशोनी व इतर आदिवासी राष्ट्रांचा असून त्यांच्या काठ्या हिकरी या झाडाचे लाकूड वाकवून घडविल्या जात. बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने १९७० च्या सुमारास प्लॅस्टिकचे हेड बाजारात आणले आणि रंगकामाला जागा मिळाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला.

बहुतेक हेड नायलॉनचे असते, आणि या कलेचे सारे मर्म त्यातच आहे. वरून दिलेला रंगाचा थर चेंडूच्या व काठ्यांच्या माऱ्याने लवकरच टवके उडून जातो; नायलॉन मात्र लोकर व रेशमाप्रमाणे आम्लरंग, म्हणजे आम्लयुक्त पाण्यात बसणारे रंग, आत ओढून घेते. पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की नायलॉनच्या रेणुसाखळ्यांवरील अमिनो गट धनभारित होतात व रंगातील ऋणभारित सल्फोनेट गटांना धरून ठेवतात, तर उष्णतेने सैल झालेल्या साखळ्यांमधून रंग पृष्ठभागाखाली उतरतो. म्हणून पाणी उकळीच्या जरा खाली ठेवावे लागते. ते कोमट असेल तर रंग फिका बसतो, आणि फार तापलेल्या पाण्यात हेड जास्त वेळ राहिले तर ते मऊ होऊन त्याचा आकार बिघडू शकतो.

आधी जाळी व दोऱ्या सोडवून हेड साबणाने स्वच्छ धुतात, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तर तेथे डाग पडतो. नक्षीसाठी चिकट व्हिनाइलचा कागद धारदार पात्याने कापून हेडवर घट्ट बसवितात. कापडावरील बाटिकमध्ये रंग अडविण्याचे जे काम मेण करते तेच येथे हा कागद करतो. पांढरा रंग वेगळा देता येत नाही, जिथे पांढरे हवे तो भाग झाकूनच राखावा लागतो. रंगांचा क्रमही यावरूनच ठरतो. पिवळ्यावर निळा चढविला तर हिरवा उमटतो, पण एकदा बसलेला काळा पुन्हा उजळत नाही. त्यामुळे फिक्याकडून गडदाकडे जाणे आणि आधीचा रंग राखायचा तिथे पुन्हा कागद लावणे हा सुरक्षित मार्ग होय. सर्वांत कठीण भाग म्हणजे बाजूच्या कडांवरील वळणे: तेथे कागदाखाली हवा राहिली की गरम पाणी आत शिरते व रेषेची धार पसरते. कसबी हाताची ओळख याच रेषांवरून पटते.

हेड काही मिनिटे हलवत बुडवून, हवी ती छटा येताच गार पाण्यात धुतात, कागद काढतात आणि पूर्ण वाळल्यावर जाळी पुन्हा विणतात. रंगासाठी वापरलेले पातेले स्वयंपाकाला परत घेऊ नये.